समुद्राकडून दिसणारं घर

एक्सरेबाईंना माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा त्यांची हाडं जास्त लक्षात राहत. बाजारात कुणी हसून नमस्कार केला की त्या गोंधळून जात. ओळखीचा तर वाटतोय, पण कोण? मग तो म्हणाला, "अहो, मी नाही का, जिन्यावरून पडलो होतो..." की लगेच यांचा चेहरा उजळे. "हां हां! डावा खांदा! कसा आहे आता?"

सगळी नोकरी त्यांनी हॉस्पिटलच्या तळघरातल्या एका खोलीत काढली. त्या खोलीला खिडकी नव्हती. भिंती जाड, दार जड, आणि कोपऱ्यात खुंटीला शिशाचा एप्रन लटकलेला. माणूस आत आला की त्या त्याला उभं करत, हनुवटी वर, खांदे पुढे, आणि काचेमागे जाऊन म्हणत, "श्वास घ्या... रोखा... हं, सोडा." फिल्म सगळ्यांत आधी त्यांच्या हातात यायची. डॉक्टरांच्या आधी, घरच्यांच्या आधी, ज्याच्या छातीची ती असायची त्याच्याही आधी. शर्टाची बटणं लावता लावता तो माणूस हमखास विचारायचा, "काय हो, काही निघालं का?"

उत्तर ठरलेलं होतं. "डॉक्टर सांगतील."

नियमच तसा होता, आणि बाईंना तो पटतही होता. अर्धवट माहितीवर कुणाचा जीव टांगणीला लावायचा नाही. पण रोज रोज बघून न बघितल्यासारखं करायचं, तर चेहरा धुतलेल्या ताटासारखा कोरा ठेवावा लागतो. तो हळूहळू घरीही तसाच राहू लागला. लेकीनं नवा ड्रेस घालून गिरकी घेतली आणि "आई, कसा दिसतो?" म्हणाली की आई बघत राहायची, आणि मागून वडील ओरडायचे, "डॉक्टर सांगतील!"

हे वडील म्हणजे शहराच्या बसवरचे ड्रायव्हर. बायकोच्या पोटात सगळं राही आणि यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. इतकी वर्षं एकाच मार्गावर, एकाच घड्याळावर त्यांनी गाडी हाकली. मिनिटभर उशीर झाला तरी त्यांचा रक्तदाब वाढायचा. दोघंही मागेपुढे निवृत्त झाले आणि दोन खोल्यांच्या घरात पहिल्यांदाच दिवसभर समोरासमोर आले. लग्नाला एवढी वर्षं झाली होती, पण एकमेकांची दुपार कुणी पाहिली नव्हती. पेपर आधी कुणी वाचायचा, नळ कुणी उघडा ठेवला, यावरून खटके उडू लागले. लेक म्हणायची, "तुम्ही दोघं एकमेकांना पूर्णवेळ झेपत नाही आहात."

अशातच बसडेपोतला फोरमन गाव सोडून मुलाकडे राहायला निघाला. समुद्रापासून फार लांब. त्याची एक छोटी मोटरबोट होती. पुढं छप्पर, आत दोन माणसं झोपतील एवढी जागा, पण कूस बदलायची तर दोघांनी मिळून बदलायची. "तू घे," तो ड्रायव्हरला म्हणाला. "नाहीतर धक्क्याला बांधून कुजेल बिचारी." लेकीनं बोट पाहिली आणि हसत सुटली. "ही बोट? ही तर डबी आहे!" तेव्हापासून तिचं नाव डबी.

लेकीनं स्वतःसाठी नवा कॅमेरा घेतला होता, तर जुना आईच्या हातात दिला. आणि एका उन्हाळ्याच्या सुरुवातीला, समुद्र शांत असताना, दोघं निघाले. किनारा धरून हळूहळू वर सरकायचं, वाटलं तिथं थांबायचं, एवढाच बेत. पण शेवटचा थांबा ठरल्याशिवाय ड्रायव्हरला इंजिन सुरू करवेना. मग नकाशाच्या वरच्या कडेला एक भूशिर होतं, त्यावर त्यांनी बोट ठेवलं. "इथपर्यंत. मग परत."

पहिले काही दिवस ते बस चालवावी तशीच बोट चालवत होते. खाडी आली, सोडली मागे. बेट आलं, गेलं. बाई कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत दृश्य पाठीमागे पडलेलं असायचं.

"अहो, जरा थांबाल का?"

"मधे थांबा नाहीये."

"पाण्यात कसला आलाय थांबा! कोण ताटकळलंय तुमच्यासाठी?"

खरंच कुणी ताटकळलं नव्हतं. ड्रायव्हरनी वेग कमी केला. मग आणखी कमी केला. आठवड्याभरात इंजिनाचा आवाज नुसत्या गुरगुरण्यावर आला आणि डबी किनाऱ्याच्या कडेकडेनं, खडकांना विचारत विचारत जावी तशी जाऊ लागली. तिचा तळ उथळ होता, त्यामुळे जिथं मोठी बोट फिरकणार नाही तिथंही ती जाई. ड्रायव्हर सुकाणूवर एक हात ठेवून चहा पिऊ लागले. त्यांच्या खांद्यांतला ताठा उतरलेला बाईंनी पाहिला. बोलून मात्र दाखवलं नाही.

बाईंनी आधी सगळेच काढतात तसे सूर्योदय काढले. मग पाणकावळे काढले, पंख पसरून वाळत बसलेले. बोट हलते, म्हणून कोपरं अंगाशी घट्ट धरून त्या बटण दाबण्याआधी श्वास रोखायच्या. सवयीनं तोंडातून निघूनही जायचं, "रोखा... हं." ड्रायव्हर पाणकावळ्याला म्हणायचे, "हलू नकोस रे बाबा, बाई रागावतील."

पण सूर्योदयांचा त्यांना लवकरच कंटाळा आला. त्यांच्या नजरेला खरं काम मिळालं ते गावं दिसू लागल्यावर. गाव रस्त्यानं गाठलं की ते सजूनधजून समोर येतं. रंगवलेली दारं, कुंड्या, चकचकीत घंटा. समुद्राकडून मात्र त्याची पाठ दिसते. वाळत घातलेले कपडे, गळकी नळी, धुरानं काळवंडलेली स्वयंपाकघराची खिडकी, मागच्या पायरीवर बसून हळूच सिगारेट ओढणारी मोलकरीण, ठिगळ लावलेली भिंत. इकडून कुणी बघत नाही, म्हणून कुणी काही झाकलेलं नसतं. बाईंना हे बघायला आवडू लागलं. आयुष्यभर त्यांनी माणसं आतून पाहिली होती. घरं आतून नाही तरी मागून दिसत होती.

असंच एक गाव आलं. खडकाळ किनाऱ्यावर, दगडी बांधावर एका ओळीत उभी राहिलेली उंच, अरुंद घरं. सकाळची वेळ, पूर्ण ओहोटी. मच्छीमारांच्या होड्या पलीकडच्या बंदरातून ये-जा करत होत्या. या बाजूच्या खडकांत कुणी येत नव्हतं. ड्रायव्हरनी डबी अगदी जवळून नेली. ओळीतल्या शेवटून दुसऱ्या घराच्या खिडकीत एक म्हातारा शिवणयंत्रावर वाकलेला होता. इंजिनाचा आवाज ऐकून त्यानं मान वर केली, आणि हातातल्या कापडासकट हात हलवला. बाईंनी श्वास रोखला, बटण दाबलं आणि हात हलवला.

डबी पुढं गेली. दोन दिवसांनी वारा सुटला म्हणून त्यांनी वरच्या एका मोठ्या बंदरात आसरा घेतला. बाईंना पडद्यावरचा फोटो खरा वाटत नसे. हातात धरता आला पाहिजे. त्यांनी बंदरातल्या फोटोवाल्याकडून फोटो छापून आणले आणि बोटीतल्या गादीवर मांडले. ड्रायव्हर पाव कापत होते.

"अहो, जरा इकडे बघा."

"काय? हो, तो शिंपी. छान आलाय."

"शिंपी नाही. खाली बघा, घराच्या खाली. बांधात."

घराच्या पायाशी, ओल्या दगडांमध्ये, एक काळा डाग होता. आडवा, लांबट, वरच्या बाजूला गोलसर.

"सावली असेल गं."

"ऊन कुठून होतं? आपल्या पाठीमागून. सगळ्या भिंतीवर समोरून ऊन पडलंय, प्रत्येक दगड मोजता येतोय. मग इथं सावली कशाची पडेल?"

ड्रायव्हरनी पाव ठेवला आणि चष्मा लावला. आता त्यांनाही दिसलं. तिथले दगड निखळून गेले होते आणि आत पोकळी होती. शिंप्याची खोली, खिडकी, यंत्र, सगळं त्या पोकळीवर उभं होतं. शेजारच्या घरातून ते दिसणं शक्य नव्हतं, कारण बांध मधे पुढं आलेला होता. आणि भरतीत तर सगळंच पाण्याखाली जात असणार.

ड्रायव्हर म्हणाले, "आपल्याला काय करायचंय? नगरपालिका असेल, इंजिनिअर असतील. त्यांचं ते बघतील."

"हो," बाई म्हणाल्या. "ते बघतील."

त्यांनी फोटो गोळा केले आणि पिशवीत ठेवले. जेवताना त्या गप्प होत्या. त्या नेहमीच गप्प असायच्या, पण ड्रायव्हरना त्यांच्या गप्प बसण्यातले प्रकार आता ओळखू येऊ लागले होते. सकाळी वारा पडला. त्यांनी दोर सोडला, इंजिन सुरू केलं आणि बंदराच्या तोंडाशी येऊन विचारलं, "बोल. वर की खाली?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. साऱ्या नोकरीत या माणसानं बस कधी मधूनच वळवली नव्हती.

"खाली," त्या म्हणाल्या.

गावात पोचल्यावर निराळीच अडचण झाली. रस्त्यावरून बघावं तर सगळी घरं सारखी. समुद्राकडून शेवटून दुसरं म्हणजे इकडून कितवं? एका घराला मधेच दोन दारं, एक बोळ भलतीकडेच निघतो. दोघं त्या सजलेल्या रस्त्यावर दोन खेपा घालून आले. शेवटी एका बाईला विचारलं, मागच्या खिडकीत बसून शिवतात ते काका कुठं राहतात? तिनं बोट दाखवलं. हिरवं दार, पितळी कडी घासून लखलखीत केलेली. या दाराकडे पाहून कुणाला शंकासुद्धा आली नसती.

शिंपीकाकांनी दार उघडलं. गळ्यात मोजपट्टी, ओठांत दोन टाचण्या. फोटो पाहून त्यांनी टाचण्या काढल्या आणि दोघांना सरळ मागच्या खोलीत नेलं, कारण चहा करायची शेगडीही तिथंच होती. खोली छोटी, भिंती निळसर. उजेड सगळा त्या एका खिडकीतून. यंत्राच्या पायट्याची लाकडी फळी पावलाच्या आकारात झिजलेली.

"माझा असला फोटो कुणी काढलाच नव्हता," काका म्हणाले. "लग्नात काढला तो, आणि मग हा." त्यांनी फोटो उजेडात धरला. "मान जरा बारीक दिसते. पण कॉलर बरी बसलीय."

बाईंनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता. काकांनी फोटो खाली ठेवला आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"एवढ्यासाठी दोघं उलटे फिरून आलात?"

"नाही."

"मग? काय निघालं?"

नेमका तोच शब्द. बाईंच्या जिभेवर ठरलेलं उत्तर आलं. पण इथं डॉक्टर कुठून आणायचा? मागं बघावं तर नवरा शेगडीशी उभा. त्यांनी कप ठेवला, फोटोवर बोट टेकवलं आणि सांगितलं. जसं दिसलं तसं, काही न वाढवता आणि काही न गाळता. दगड कुठून निखळलेत, पोकळी किती लांब गेलीय, तिच्या वर काय काय आहे. आणि हेही, की आत किती खोल गेलंय ते फोटोवरून कळत नाही.

काकांनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. बाईंचं संपल्यावर ते म्हणाले, "माहीत आहे मला. ऐका."

तिघंही गप्प बसले. भरती चढत होती. आधी बाहेरची लाट खडकावर फुटल्याचा आवाज आला, आणि मग, जरा उशिरानं, पायांच्या खालून, कुणी झोपेत जडपणे कूस वळवावी तसा आवाज.

"पूर्वी हा भिंतीबाहेरून यायचा," काका म्हणाले. "हल्ली खालून येतो. यंत्र चालू असलं की ऐकू येत नाही."

"अहो, मग कुणाला सांगितलं का नाहीत?" ड्रायव्हर न राहवून म्हणाले.

"कुणाला सांगू? लेक आहे, बेकरीत कामाला, वरच्या रस्त्याला राहते. तिला कळलं तर ती आजच्या आज उचलून नेईल. जावई चांगला आहे, नातवंडं गोड आहेत. पण तिथं गेलं की मी पाहुणा. सकाळी उठून कुठं बसू, हे विचारावं लागतं." त्यांनी यंत्रावरचं कापड सारखं केलं. "इथं मी कुणाला विचारत नाही. तुम्ही परगावची माणसं, उद्या निघून जाल. हे आपल्यातच राहू द्या, बाई."

रस्त्यावर येताच ड्रायव्हर उसळले. "आधी लेकीचं घर शोधायचं आणि सांगून मोकळं व्हायचं! उद्या भिंत गेली तर?"

"थांबा जरा."

"थांबायचं काय? तू सांगत नसशील तर मी सांगतो. मला कुठं नियम आहे?"

"सांगणं त्यांचं आहे," बाई म्हणाल्या. "त्यांनी आवाज ऐकलाय. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं नाहीये. ऐकलेलं माणूस परतवून लावू शकतं." त्या बोळाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. "एवढ्या फिल्मा काढल्या मी. एकाही माणसाला स्वतःची फिल्म माझ्या शेजारी उभं राहून बघता आली नाही."

त्या परत फिरल्या आणि त्यांनी हिरवं दार पुन्हा वाजवलं.

काका बोटीत बसायला तयार होईनात. जन्म समुद्राकाठी गेला, पण पाण्यात त्यांनी पाऊल घातलं नव्हतं. "त्याचं माझं बरं आहे. तो तिथं, मी इथं." बाईंनी आग्रह केला नाही. उद्या सकाळी ओहोटीला आम्ही धक्क्यावर असू, एवढंच सांगितलं.

सकाळी काका आले. स्वतः शिवलेला कोट, सगळी बटणं लावलेली, आणि गळ्यात मोजपट्टी तशीच, काढायची राहून गेलेली. डबीत पाय ठेवताना त्यांनी ड्रायव्हरचा हात असा धरला की नंतर दिवसभर बोटांचे वळ दिसत होते. बसल्यावर दोन्ही हातांनी दोन्ही कडा पकडल्या. "हळू," ते म्हणाले. ड्रायव्हर म्हणाले, "काका, याच्याहून हळू गेलो तर मागे जाऊ."

बंदराला वळसा घालून डबी खडकांशी आली. घरांची रांग दिसू लागली. काका एकेका घराचं नाव घेऊ लागले, हे न्हाव्याचं, हे मास्तरणीचं, हिचं छत गळतं वाटतं. मग त्यांची निळसर खोली दिसली, उघड्या खिडकीतून यंत्राचा काळा दांडा दिसला, आणि ते हसले. "एवढंसं आहे होय!"

मग त्यांची नजर खाली गेली.

ड्रायव्हरनी इंजिन बंद केलं. डबी पाण्यावर हलत राहिली. बाईंनी कॅमेरा पिशवीतून काढला नव्हता. पोकळी फोटोत दिसली होती त्याहून मोठी होती. ओहोटीचं पाणी तिच्या आतून अजून झिरपत बाहेर येत होतं, आणि आत, अंधारात, जमिनीच्या फळ्यांचा खालचा भाग दिसत होता.

काकांचा हात मोजपट्टीकडे गेला. त्यांनी ती उगाच दोन बोटांत धरली. "अस्तर गेलंय," ते म्हणाले. "वरचं कापड नुसतं लोंबतंय." आणि बऱ्याच वेळानं, "त्या फळ्यांवर माझा पाय असतो."

"हो," बाई म्हणाल्या.

"तुम्ही रोज असलं बघत होतात?"

"रोज नाही. पण बरेचदा."

"आणि सांगत नव्हतात?"

"सांगायचं नसतं."

"मग काय म्हणायचात?"

"श्वास सोडा म्हणायचे."

काकांनी मान हलवली. मग त्यांनी खरोखरच मोठा श्वास सोडला आणि बोटीची एक कड सोडून दिली. "चला परत," ते म्हणाले. "लेक बेकरीतून सुटली असेल."

लेक धक्क्यावरच उभी होती. वडिलांसाठी गरम पाव घेऊन घरी गेली तर घर रिकामं. शेजारीण म्हणाली, कुणा परक्यांबरोबर बोटीतून गेले. कोपरापर्यंत पीठ तसंच, डोळ्यांत पाणी आणि तोंडाचा पट्टा सुरू. "बाबा! जन्मात पाण्यात पाय घातला नाहीत आणि आज हे काय? आणि तुम्ही हो," ती ड्रायव्हरवर घसरली, "म्हातारं माणूस असं कुणी उचलून नेतं का?"

ड्रायव्हरनी तोंड उघडलं आणि, बाईंना आश्चर्य वाटेल असं, परत मिटलं.

"गप्प बस जरा," काका म्हणाले. "आधी वर घे मला." तिनं हात देऊन त्यांना वर घेतलं. मग ते म्हणाले, "घर गेलंय गं."

तिनं वळून पाहिलं. धक्क्यावरून घरांची छपरं दिसत होती. "कुठं गेलंय? उभं तर आहे."

"खालून."

बाईंनी फोटो पुढं केला. लेकीनं तो पाहिला, आणि दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर मटकन बसली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"आवाज येत होता."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू नेलं असतंस."

"नेलंच असतं!"

"म्हणूनच तर!"

दोघंही एकदम थांबली. लेकीला रडता रडता हसू आलं. पण काका हसत नव्हते. ते म्हणाले, येतो, पण एका अटीवर. यंत्र बरोबर येईल, आणि ते खिडकीशी लागेल. जिन्याखाली नाही, माळ्यावर नाही. पुढच्या खोलीतली खिडकी. लेक म्हणाली तिथं सोफा आहे. काका म्हणाले, मग सोफ्याला विचार त्याला कुठं बसायचंय.

यंत्र त्याच दुपारी हललं. बिडाचं जुनं धूड ते, आणि वरचा रस्ता नावाप्रमाणे वर. पुढून जावई, मागून ड्रायव्हर. काका शेजारून चालत सांगत होते, "तिरकं नको, सरळ धरा, पट्टा सुटेल." चढ संपेपर्यंत ड्रायव्हरची कंबर धरली. पुढं चार दिवस ते बोटीत वाकूनच चालत होते. बाईंनी पाठीवर हात फिरवून सांगितलं, हाड शाबूत आहे, स्नायू आखडलाय. एवढं उघड निदान त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केलं होतं.

नगरपालिकेची माणसं आली, त्यांनी मागची खोली बंद केली आणि शेजारच्या दोन घरांतूनही मागचं सामान हलवायला लावलं. डबी वर निघून गेली, भूशिरापर्यंत जाऊन आली, आणि उन्हाळा सरायच्या आत दोघं घरी परतली.

वादळी दिवसांत काकांच्या लेकीचा फोन आला. मागची खोली रातोरात गेली होती. कुणाला काही झालं नव्हतं. "तुमच्यामुळे," ती म्हणत होती, आणि बाई मधेच म्हणाल्या, "बाबा कसे आहेत?"

"शिवत नाहीत. यंत्रावर कापड टाकून ठेवलंय. नुसते बसून असतात."

फोन ठेवून बाई तिथंच बसल्या. जीव वाचला हे खरं होतं. पण तो माणूस वर नेऊन रिकामा बसवला, हेही खरंच होतं. त्यांनी ते नवऱ्याला सांगितलं. असं काही त्या सांगत नसत, म्हणून ड्रायव्हर पेपर खाली ठेवून ऐकत राहिले आणि म्हणाले, "बसने जाऊन येऊ का?"

गेले. काका भेटले, बोलले कमी. ड्रायव्हरनी जाताना आपला जुना कोट मुद्दाम नेला होता, खिशाची शिवण उसवलेला. काकांनी तो उलटापालटा करून पाहिला. "कुणी शिवलाय हा?" त्यांनी तुच्छतेनं विचारलं. "ही काय शिवण आहे?" आणि यंत्रावरचं कापड बाजूला सारलं.

पुढच्या उन्हाळ्यात डबी पुन्हा त्या किनाऱ्यानं गेली. खण ओढून काढलेल्या कपाटासारखं घर उघडं पडलं होतं. आतली निळसर भिंत आता बाहेरची झाली होती, आणि तिच्यावर शेगडीच्या धुराचा डाग स्पष्ट दिसत होता. बाईंनी कॅमेरा हातात घेतला, जरा थांबल्या, आणि फोटो काढला. काकांनी विचारलं तर दाखवायचा, नाही तर नाही.

काकांनी विचारलं नाही. ते रस्त्याकडच्या खिडकीत बसले होते आणि त्यांच्या तक्रारींना खळ नव्हता. उजेड चुकीच्या बाजूनं येतो. जाणारायेणारा प्रत्येक जण खिडकीशी थांबून गप्पा मारतो, काम होत नाही. न्हाव्याचं आणि मास्तरणीचं भांडण कशावरून झालं तेही त्यांना ठाऊक झालं होतं, आणि ते त्यांनी तपशीलवार सांगितलं.

निघताना लेक जिन्यापर्यंत सोडायला आली. "खाली जुन्या घराकडे जायचं नाव काढत नाहीत," ती हळूच म्हणाली. "पण सुट्टीच्या दिवशी चालत वळणापर्यंत जातात आणि तिथूनच परत येतात. मी विचारत नाही."

"नका विचारू," बाई म्हणाल्या. "वाटलं तर सोबत जा."

धक्क्यावर ड्रायव्हर इंधन भरून, दोर हातात धरून उभे होते. आज वर जायचं की खाली, हे अजून ठरलं नव्हतं. वारा कुठून आहे ते बघून ठरवू, असं म्हणून बाई डबीत उतरल्या आणि त्यांनी चहाचं पाणी ठेवलं.